समुपदेशक तयार झाला हे ठरवायचं कशावरून?

ताई, सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं छोटं व्यसनमुक्ती केंद्र आहे. समुपदेशन विभाग मी बघते. गेल्या वर्षी आम्ही सहा नवे समुपदेशक घेतले. बाहेरून तज्ज्ञ बोलावून तीन दिवसांचं शिबिर झालं, शेवटी पन्नास मार्कांचा पेपर झाला, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाले. आता त्यांच्यातल्या दोघांपैकी एकाला कायम करायचं आहे आणि तो निर्णय माझ्यावर आलाय.

पहिली मुलगी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली, पेपरात ४६ मार्क. तिच्या नोंदी नेटक्या आणि वेळेवर असतात. पण तिच्याकडे एकदा बसलेला पेशंट सहसा पुन्हा येत नाही. दुसरे गृहस्थ बारावी शिकलेले, नऊ वर्षांपूर्वी स्वतः दारू सोडलेले. पेपरात २३. त्यांच्याकडे माणसं आपणहून येतात, पण कधी कधी दाराबाहेर चढलेला आवाज ऐकू येतो. ‘तू बेवडा आहेस, आधी कबूल कर,’ असं ते म्हणतात, हे एका पेशंटच्या बायकोनं मला सांगितलं.

विश्वस्त म्हणतात, मार्क बघा आणि मोकळ्या व्हा. आमचे डॉक्टर म्हणतात, ज्याचे पेशंट दारू सोडतात तो चांगला, बाकी सगळं कागदी काम. सत्रं रेकॉर्ड करू या असं मी सुचवलं, तर सहाही जण बिथरले. खरं सांगायचं तर दार लावल्यावर आत काय चालतं हे मला माहीतच नाही. मग मी ठरवू कशावरून?

— एक समन्वयक

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दार लावल्यावर आत काय चालतं हे माहीत नाही, असं तुम्ही सरळ लिहून टाकलंत. बहुतेक केंद्रांची हीच स्थिती असते, फक्त ती कुणी बोलून दाखवत नाही. तुमचा पेच सुटायचा तो इथूनच. पेपर, पदवी, नऊ वर्षांची दारूमुक्ती, पेशंटची ये-जा, या सगळ्या खोलीबाहेरच्या खुणा आहेत. समुपदेशकाची पारख त्याचं प्रत्यक्ष बोलणं ऐकून करायची, आणि शिबिर संपलं की प्रशिक्षण संपलं असं न धरता तिथून ते सुरू झालं असं धरायचं. माझं उत्तर एवढंच आहे. बाकीचं पत्र हे का आणि कसं, यासाठी.

आधी का. दारूच्या उपचारात पद्धत कोणती यापेक्षा ती वापरणारा माणूस कसा ऐकतो याला फार वजन आहे, आणि हे नुसतं अनुभवी लोकांचं मत नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी १९८० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. थेरपिस्ट नऊ, सगळे एकाच पद्धतीत तयार झालेले. देखरेख करणाऱ्यांनी त्यांचं काम पाहून, कोण किती समजून घेऊन ऐकतं याचा क्रम लावला. सहा महिन्यांनंतर पेशंटच्या पिण्यात जो कमी-जास्त फरक दिसला, त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग या एका गुणाशी जुळत होता. पुढे १९९३ साली मिलर यांच्याच गटानं पहिल्या भेटींची रेकॉर्डिंग्ज तपासली. थेरपिस्ट समोरच्याला जितका कोंडीत पकडत गेला, तितका तो माणूस वर्षभरानं जास्त पिताना आढळला. तुमच्या दुसऱ्या समुपदेशकाबद्दल ही गोष्ट मनात ठेवा. तिच्याकडे मी परत येणार आहे.

आता शिबिराचं. मिलर आणि कॅथलीन माउंट यांनी २००१ साली दोन दिवसांच्या कार्यशाळेचा परिणाम तपासला. शिकणाऱ्यांना आपण बरंच शिकलो असं मनापासून वाटत होतं. प्रत्यक्ष टेप ऐकल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यात थोडा बदल होता, पण समोरच्या माणसाच्या प्रतिसादात फरक पडेल इतका नव्हता. म्हणजे ‘मला जमतं’ हे समुपदेशकाचं स्वतःचं मत मोजमाप म्हणून कामाला येत नाही. त्यानंतर २००४ साली मिलर यांनी व्यसन-उपचारात काम करणारे १४० व्यावसायिक घेऊन गट पाडले. एका गटाला फक्त कार्यशाळा. एकाला कार्यशाळेनंतर टेप ऐकून लेखी प्रतिक्रिया. एकाला फोनवरून मार्गदर्शन. एकाला प्रतिक्रिया आणि मार्गदर्शन दोन्ही. आणि एक गट वाट बघत थांबलेला, स्वतःच वाचून शिकणारा. नुसत्या कार्यशाळेनं जे मिळालं ते पुढच्या काही महिन्यांत ओसरू लागलं. ज्यांना प्रतिक्रिया किंवा मार्गदर्शन मिळालं त्यांनी ते टिकवलं. आणि पेशंटच्या तोंडून बदलाची भाषा, म्हणजे ‘आता सोडायला हवी’ अशा तऱ्हेचं बोलणं, जास्त यायला लागली ती फक्त दोन्ही मिळालेल्या गटात.

विश्वस्तांना हे सांगताना तबल्याचं उदाहरण द्या. बोल तोंडपाठ असणं वेगळं, हातातून निघणं वेगळं. पन्नास मार्कांचा पेपर बोल तपासतो. तपासू द्या, त्याचाही उपयोग आहे, पण कायम करायचं की नाही हे त्याच्यावर सोडू नका.

तुम्हाला वाटेल, हे परदेशातलं, पैसेवाल्या संस्थांचं झालं. म्हणून गोव्याकडे बघा. तिथं ‘संगथ’ या संस्थेनं दारूच्या समस्येसाठी थोडक्या भेटींचं समुपदेशन तयार केलं: जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या ते पाऊण तासाची. ते देणारे समुपदेशक मानसोपचाराची कुठलीही पदवी नसलेले, शालेय शिक्षण झालेले स्थानिक लोक होते. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, १८ ते ६५ वयाच्या ३७७ पुरुषांवर याची चाचणी झाली. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ती २०१७ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. नेहमीच्या थोड्या सुधारलेल्या उपचारांत ते प्रमाण २६ टक्के होतं. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के.

हे आकडे अनेक जण सांगतात आणि त्यावरून ‘कुणालाही शिकवा, चालतं’ असा निष्कर्ष काढतात. तो निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही, कारण त्या आकड्यांमागची यंत्रणा त्यात गळून जाते. तिथं वर्गातल्या प्रशिक्षणानंतर सहा महिन्यांची उमेदवारी होती. सत्रं रेकॉर्ड होत. दर आठवड्याला समुपदेशक एकत्र बसून एकमेकांची सत्रं ऐकत, ठरलेल्या गुणपत्रिकेवर मार्क देत आणि चर्चा करत. तज्ज्ञही ती सत्रं तपासत. सहकाऱ्यांनी दिलेले मार्क तज्ज्ञांच्या मार्कांशी पुरेसे जुळतात, हेही त्यांनी वेगळं तपासून २०१४ साली मांडलं. तुमच्यासारख्या केंद्राला यातला हा शेवटचा भाग सोन्याच्या मोलाचा आहे. दर आठवड्याला पुण्याहून तज्ज्ञ आणायची गरज नाही. सहा माणसं, एक स्पीकर, बंद खोली आणि दोन तास एवढं पुरतं.

आता ऐकायचं काय, हे थोडं जवळून दाखवते. समजा पेशंट म्हणतो: “बायकोनं आणलं म्हणून आलोय. मी काय रोज पीत नाही. पगाराला आणि शनिवारी. पण पोरगी आजकाल बोलत नाही माझ्याशी.”

एक समुपदेशक विचारतो: “शनिवारी किती होते? क्वार्टर की जास्त? लिव्हरची तपासणी केली आहे का?”

दुसरा म्हणतो: “पोरगी बोलत नाही, बायको ओढून आणते, तरी म्हणतोस रोज पीत नाही? अरे, बेवडा झालायस तू, कबूल कर.”

तिसरा म्हणतो: “तुम्हाला स्वतःला इथं यायचं नव्हतं. पण पोरगी बोलत नाही, हे मात्र लागलंय तुम्हाला.” आणि गप्प बसतो.

पहिल्याला उत्तर मिळेल: “असेल एखादी क्वार्टर.” दुसऱ्याला मिळेल: “तुम्ही पण बायकोसारखंच बोलायला लागलात.” तिसऱ्याला कदाचित मिळेल: “लागणारच की. शाळेत गॅदरिंग होतं, तर म्हणाली, बाबा तुम्ही येऊ नका.” दारू कमी करण्याचं कारण त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या घरातलं सांगितलं. आता पुढची भेट त्या गॅदरिंगभोवती उभी राहू शकते.

तिसऱ्यानं जे केलं त्याला समुपदेशक रिफ्लेक्शन म्हणतात. समोरच्याचं म्हणणं, त्यानं न उच्चारलेल्या अर्थासकट, त्याला परत ऐकवायचं. बदलाची कारणं समोरच्याच्याच तोंडून येऊ द्यायच्या या समुपदेशन-पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. तिचं काम तपासायला जी प्रमाणित पद्धत वापरतात, तिच्यात सत्राचा साधारण वीस मिनिटांचा तुकडा घेऊन प्रश्न किती आणि रिफ्लेक्शन किती हे चक्क मोजतात. एका प्रश्नामागे एक रिफ्लेक्शन असेल तर काम बरं, दोन असतील तर चांगलं. नुसता शब्दांचा प्रतिध्वनी न करता अर्थ पुढे नेणारी रिफ्लेक्शन्स निम्मी असावीत अशी अपेक्षा असते. शिवाय सहानुभूती, बरोबरीचं नातं, बदलाच्या बोलण्याला दिलेला वाव, अशा गोष्टींना एक ते पाच असे गुण देतात. हे सगळं जसंच्या तसं उचलायची तुम्हाला गरज नाही. माझं मत विचाराल तर सुरुवात तीनच गोष्टी मोजून करा: प्रश्न किती, रिफ्लेक्शन किती, आणि वीस मिनिटांत समुपदेशक स्वतः किती मिनिटं बोलला. या तीन आकड्यांनी पहिल्या महिन्यातच डोळे उघडतात. बहुतेक नवे लोक दोन तृतीयांश वेळ स्वतःच बोलत असतात आणि त्यांना ते खरंच जाणवलेलं नसतं.

माझा अंदाज, आणि हा अंदाजच आहे, तुमची एमएसडब्ल्यू झालेली मुलगी पहिल्या समुपदेशकासारखी असेल. नोंदी नेटक्या आहेत, म्हणजे फॉर्म भरून घेण्याकडे लक्ष आहे. पेशंटला ती चौकशी वाटते, आणि चौकशीला दुसऱ्यांदा कुणी आपणहून जात नाही. ही खोड सुटायला सगळ्यांत सोपी. पहिल्या दहा मिनिटांत फॉर्म टेबलावर ठेवायचाच नाही, एवढ्या नियमानंही पुष्कळ फरक पडतो.

रेकॉर्डिंगला सगळे बिथरले, हे स्वाभाविक आहे. आपलं बोलणं पकडलं जाणार, नोकरीवर येणार, ही भीती असते. ती घालवायचा मला ठाऊक असलेला एकच खात्रीचा उपाय आहे: पहिली टेप तुमची लावा. तुम्ही घेतलेलं सत्र, तुमचेच चुकलेले प्रश्न, आणि मार्क देणारे ते सहा जण. एकदा समन्वयकाला पाचापैकी दोन मार्क मिळालेले पाहिले की खोलीतली हवा बदलते. दुसरं, पहिले सहा आठवडे या मार्कांचा नोकरीशी संबंध नाही, असं लेखी द्या आणि पाळा. तिसरं, टेप कुठली ऐकायची हे समुपदेशकानं निवडायचं नाही. सगळी सत्रं रेकॉर्ड होतील आणि तुम्ही चिठ्ठी उचलून एक काढाल. नाहीतर प्रत्येक जण आपलं सर्वांत बरं सत्र घेऊन येईल.

पेशंटच्या बाजूनं मात्र काटेकोर राहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं त्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि दारूचं व्यसनही त्या कायद्याच्या कक्षेत येतं. रेकॉर्डिंग कशासाठी, कोण ऐकणार, कधी पुसणार, हे त्याच्या भाषेत सांगून लेखी संमती घ्या. नाही म्हणाला तर उपचारात तसूभरही फरक पडणार नाही हे आधी सांगा, आणि मध्येच बंद करा म्हणाला तर तिथंच बंद करा. कुणाच्याही स्वतःच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग नको. केंद्राचा साधा रेकॉर्डर घ्या, कपाटाला कुलूप, किल्ली तुमच्याकडे. तालुक्याच्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून टेप लावण्याआधी विचारा: आवाजावरून कुणी ओळखेल का? ओळखणारा असेल तर त्या आठवड्यात तो गटाबाहेर बसेल.

रेकॉर्डिंगमध्ये न दिसणारी, पण जिच्यात काठावर पास चालणार नाही, अशी एक गोष्ट आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू बंद केली तर जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम, ताप, काहीबाही दिसणं, ज्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. “आजपासून थेंब घ्यायचा नाही, शपथ घे” असं अशा माणसाला डॉक्टरांशिवाय सांगणारा समुपदेशक धोकादायक आहे, मग तो कितीही गोड बोलो. यासाठी नाटकी भेट घ्या. तुमच्यापैकी कुणीतरी सकाळी उठल्या उठल्या पिणारा, मागे एकदा फिट आलेला पेशंट बनेल. समुपदेशकानं विचारलं पाहिजे: शेवटचा पेला कधी, सकाळी लागते का, पूर्वी फिट आली होती का. आणि त्यानं त्याच क्षणी डॉक्टरांकडे पाठवलं पाहिजे. आत्महत्येचा विचार आणि घरातली मारहाण यांच्याबद्दलही अशाच एकेका नाटकी भेटी हव्यात. नवऱ्याला समजून घेता घेता बायकोचा जीव धोक्यात आहे हे ज्याच्या लक्षात येत नाही, त्याला एकट्यानं सत्र देऊ नका. यांत नापास झालेल्याला पुन्हा शिकवा, पुन्हा तपासा, पण पास होईपर्यंत पेशंट देऊ नका.

मोजमापाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली तुम्ही वापरत असालच. शून्य ते चाळीस गुण. आठ आणि पुढे काळजी, वीस आणि पुढे अवलंबित्वाची दाट शक्यता. गोव्याच्या त्या चाचणीत बारा ते एकोणीस गुणांचे पुरुष होते, हे तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तुमच्याकडे भरती होणारे बहुतेक त्याहून वरचे असणार आणि त्यांना नुसत्या चार भेटी पुरणार नाहीत. प्रश्नावली भरताना नवा माणूस हमखास फसतो तो मापात. पेशंट “एक क्वार्टर” म्हणतो आणि समुपदेशक “एक” असं लिहून मोकळा होतो. १८० मिलीची, ४२.८ टक्के अल्कोहोलची क्वार्टर म्हणजे जवळजवळ ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दहा ग्रॅमचं एक प्रमाणित माप धरलं तर सहा मापं. गुणांची बेरीज तिथंच कोसळते. एका दुपारी सगळ्यांना क्वार्टर, नाइन्टी, बिअरची बाटली यांचे हिशेब करायला बसवा.

डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पेशंट सुधारला पाहिजे हे खरंच. पण एका समुपदेशकाकडचे दहा-बारा पेशंट बघून निष्कर्ष काढलात तर बहुतांशी नशीब मोजाल. कुणाकडे नोकरीवाला, घरचा आधार असलेला पेशंट आला, कुणाकडे तिसऱ्यांदा भरती झालेला. तरीही तीन महिन्यांनी पुन्हा ‘ऑडिट’ भरा, गळती लिहून ठेवा. त्याचा उपयोग वेगळा आहे. अमेरिकेतल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या १७२६ पेशंटच्या मोठ्या चाचणीत तीन वेगवेगळ्या उपचारपद्धती शेवटी जवळपास सारख्याच ठरल्या. थेरपिस्टांमध्ये जो फरक दिसला, तो मुख्यतः बाकीच्यांपासून फार वेगळे निकाल देणाऱ्या एखाद-दुसऱ्यामुळे होता. म्हणून वर्षभराचे आकडे बघताना पहिला-दुसरा नंबर काढत बसू नका. कुणाकडे सतत, सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त बिघडतंय का, तेवढं बघा. तसं दिसलं तर त्याच्या टेप आधी ऐका.

आता नऊ वर्षं दारूपासून दूर राहिलेल्या गृहस्थांबद्दल. अशा माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रानं १९८६ पासून, व्यसनातून बाहेर आलेली माणसं दुसऱ्यांना किती पुढे नेऊ शकतात हे महाराष्ट्राला दाखवलं आहे. लोक त्यांच्याकडे येतात, कारण त्यांच्यासमोर लाज वाटत नाही. ही कमाई पेपरातल्या २३ मार्कांनी रद्द होत नाही. पण स्वतःचा अनुभव दार उघडून देतो, पुढचं काम शिकावंच लागतं. स्वतः कबुली देऊन सुटलेला माणूस दुसऱ्याकडूनही तीच कबुली मागतो, त्याला तो प्रामाणिकपणा वाटतो, आणि त्याच्या बाबतीत तो खराही होता. समोरचा मात्र अजून त्या जागी आलेला नसतो. ‘बेवडा’ हा शब्द त्याला उद्याच्या भेटीपासून लांब ढकलतो, १९९३ च्या अभ्यासात दिसलं तसं. बायकोच्या सांगण्यावरून त्यांच्यावर ठपका ठेवू नका, पण हा प्रश्न सहा आठवडे लोंबकळतही ठेवू नका. या आठवड्यातच त्यांच्यासोबत एका सत्रात, पेशंटच्या परवानगीनं, बसा. असं बोलणं कानावर आलं तर त्याच दिवशी थांबवा. टेप ऐकताना मार्क देण्याआधी त्यांनाच विचारा: “तुम्ही हे म्हणालात, त्यानंतर तो काय म्हणाला? पुढचं वाक्य परत ऐकू या.” पेशंट मागे सरकताना त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला तर तुमच्या दहा सूचनांपेक्षा ते जास्त काम करेल. आणखी एक: ते स्वतःची गोष्ट किती वेळ सांगतात ते मोजा. एखाद-दोन मिनिटं पुष्कळ झाली.

त्यांची स्वतःची काळजीही घ्या. दिवसभर दारूच्या गोष्टी ऐकून घरी जाणाऱ्या दारूमुक्त माणसाला दारू सोडलेल्यांच्या मीटिंगचा आपला गट, आधाराचा आपला माणूस सोडू देऊ नका. ओढ वाटली तर तुमच्याकडे येऊन सांगता येईल आणि त्यापायी नोकरी जाणार नाही, हे त्यांना आजच स्पष्ट सांगा.

मग दोघांपैकी कोण? आज कुणीच नाही. विश्वस्तांकडून तीन महिन्यांची मुदत घ्या. सहा आठवडे फक्त शिकण्याचे, पुढचे सहा मोजण्याचे. मोजण्याच्या काळात प्रत्येकाची चिठ्ठीनं काढलेली निदान पाच-सहा सत्रं ऐका, एका सत्रावर कुणाचंही भवितव्य ठरवू नका. मार्क देताना तुम्ही एकट्या देऊ नका. दोघांनी वेगवेगळे द्यावेत आणि मग ताडून बघावेत, कारण तुमचा कुणाकडे ओढा आहे हे तुम्हालाही नेहमी कळेलच असं नाही. जिवाच्या धोक्याच्या नाटकी भेटीत दोघंही पूर्ण पास हवेत. त्यानंतर ज्याच्या आकड्यांत पहिल्या टेपपासून शेवटच्या टेपपर्यंत सुधारणा जास्त, त्याला कायम करा, कारण शिकत राहणारा माणूस तुम्हाला पुढची वीस वर्षं लागणार आहे. ते गृहस्थ बदलले नाहीत तर त्यांना केंद्राबाहेर काढायची गरज नाही. पाठपुराव्याच्या गृहभेटी, कुटुंबांच्या सभा, गावातला संपर्क या कामात त्यांच्या तोडीचं कुणी तुमच्याकडे नसेल. फक्त बंद खोलीतलं एकट्याचं सत्र त्यांच्याकडे नको.

विश्वस्त खर्च विचारतील. पुढच्या शिबिराचे पैसे त्याऐवजी एका रेकॉर्डरवर आणि महिन्यातून एकदा फोनवर टेप ऐकणाऱ्या तज्ज्ञाच्या मानधनावर घाला. आठवड्याचे दोन तास सहाही जणांच्या कामाच्या वेळेत धरा, सुटीच्या दिवशी बोलावू नका. आणि मुदतवाढीच्या तीन महिन्यांत दोघांचाही पगार आहे तसाच राहील, हे ठरावात लिहून घेतल्याशिवाय बैठकीतून उठू नका.